कोंबडीचा ठसा आणि कारागिराचें नांव

जुन्या जर्मन पिस्तुलाची नळी दस्त्यापासून सोडवून उजेडांत धरली, म्हणजे तिच्या मागच्या टोकाला, जेथें दारूचा भडका उडावयाचा त्या जागीं, नखाएवढ्या खुणा दिसूं लागतात. एखाद्या नळीवर एस्, व्ही आणि एल् हीं तीन रोमन अक्षरें असतात आणि त्यांच्याजवळ एक पक्षी उमटविलेला असतो. नवशिक्या संग्राहकाला हें पाहून मोठा हर्ष होतो. कारागीर सांपडला, असें त्याला वाटतें. मग तो याद्या उघडून बसतो आणि हीं आद्याक्षरें ज्याच्या नांवाशीं जुळतील असा लोहार शोधूं लागतो. असा लोहार बहुधा मिळत नाहीं. आणि मिळालाच तर तें अधिकच वाईट, कारण त्या बिचाऱ्याचा त्या पिस्तुलाशीं कांहींएक संबंध नसतो.

तीं अक्षरें माणसाचीं नव्हेतच. तीं एका गांवाचीं आहेत. 'यू' ह्या अक्षराच्या जागीं 'व्ही' खोदण्याची जुनी लॅटिन चाल होती. ती ध्यानांत घेतली म्हणजे ह्या तीन अक्षरांतून झूल हें नांव उभें राहतें. मराठी कानाला ह्या नांवानें हत्तीच्या पाठीवरची झूल आठवेल, आणि उच्चार खरोखर तोच आहे. परंतु हें झूल म्हणजे थुरिंगियाच्या अरण्यमय डोंगरांत वसलेलें, शेंकडों वर्षें बंदुका व पिस्तुलें घडवीत आलेलें एक गांव. जवळचा पक्षी म्हणजे कोंबडी. सोळाव्या शतकांत हें गांव हेनेबर्गच्या काउंटांच्या ताब्यांत होतें, आणि 'हेने' म्हणजे जर्मन भाषेंत कोंबडी. घराण्यानें आपल्या नांवावरूनच ढालीवर कोंबडी घेतली आणि ढालीवरची कोंबडी गांवच्या मालावर येऊन बसली. १५८३ मध्यें गेऑर्ग अर्न्स्ट हा शेवटचा काउंट निपुत्रिक वारला; मुलूख सॅक्सनीच्या घराण्यांकडे गेला; पुढें १८१५ मध्यें झूल प्रशियाला मिळालें. काउंटांचें घराणें बुडालें, तरी त्यांची कोंबडी नळ्यांवर त्यानंतरही उमटत राहिली.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, परीक्षेचा ठसा आणि कारागिराची निशाणी ह्या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. ठसा शहराचा किंवा सरकारचा असतो. निशाणी माणसाची असते. हें पिस्तूल कोणीं केलें, असा प्रश्न विचारणाराला ठसा सरळ उत्तर देत नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं, ही नळी अमुक ठिकाणीं, अमुक काळांत, अमुक अधिकाऱ्यांच्या हाताखालून गेली आणि पसंत झाली. ह्या उत्तराची किंमत थोडी नाहीं. पण तें दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर आहे. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे लिलांवाच्या यादींत भलतेंच नांव चढतें आणि तेथून तें संग्रहाच्या पाटीवर जाऊन बसतें. एकदां पाटीवर बसलेलें नांव उतरविणें फार कठीण.

परीक्षेची ही रीत कां पडली, हें समजणें अवघड नाहीं. जुनी नळी म्हणजे लोखंडाची पट्टी तापवून, वळवून, तिच्या कडा घणाखालीं जोडून केलेली. सांधा वरून कितीही साफ दिसला तरी आंत एखादी पोकळी किंवा अडकून राहिलेला कीट असेल, तर तो डोळ्यांना दिसत नाहीं. तो दिसतो बार उडतांना, आणि तोही नेम धरणाराच्या हातांत. म्हणून नळी गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वीं तींत नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक दारू ठासून, माणसांना दूर उभें करून, ती एकदां उडवून पाहावयाची. तडा गेला नाहीं, फुगवटा आला नाहीं, सांधा उकलला नाहीं, तरच तिच्यावर ठसा मारावयाचा. सोनाराचा कस आणि हा कस ह्यांत फरक एवढाच कीं, सोनें हिणकस निघालें तर पैसे जातात, नळी हिणकस निघाली तर हात जातो.

मोठ्या शहरांना ह्यांत आपल्या अब्रूचा प्रश्न दिसे. आउग्सबर्गचा माल पाइन वृक्षाच्या शंकूसारख्या फळाच्या ठशानें ओळखला जाई. हें फळ त्या शहराचें फार जुनें चिन्ह असून तेथील चांदीच्या भांड्यांवरही तेंच दिसतें. न्युरेंबर्गच्या ढालीवर एका बाजूस अर्धा गरुड आणि दुसऱ्या बाजूस तिरपे पट्टे असत; त्याखेरीज नुसतें 'एन्' हें अक्षरही तेथील शस्त्रांवर व चिलखतांवर आढळतें. न्युरेंबर्गची व्यवस्था इतरांहून वेगळी होती. १३४८-४९ मध्यें तेथें नगरसभेविरुद्ध बंड झालें. तें मोडल्यावर सभेनें कारागिरांचे स्वतंत्र संघच बंद करून टाकले आणि प्रत्येक धंदा स्वतःच्या देखरेखीखालीं घेतला. शपथ घेतलेले उस्ताद माल तपासीत आणि तो उतरला तरच शहराची मुद्रा उमटे. त्या मुद्रेमागें एखाद्या व्यापाऱ्याची नव्हे, सबंध नगरसभेची ग्वाही असे. म्हणून ती पाहून न्युरेंबर्गचें नांव घ्यावें. मात्र त्या शहरांतील कोणत्या आळींतल्या कोणत्या लोहारानें घण मारला, हें त्या अर्ध्या गरुडाला विचारूं नये.

आणि तो लोहार सांपडला, तरी पिस्तुलाचा कर्ता सांपडला काय? खरी अडचण येथें सुरू होते. सोळाव्या व सतराव्या शतकांतील उंची पिस्तूल एका हातचें क्वचितच असे. नळी घडविणारा वेगळा, कळ बसविणारा वेगळा, लांकडाचा दस्ता कोरणारा वेगळा आणि धातूवर तेजाबानें नक्षी काढणारा आणखी निराळा. त्या काळचें नामांकित जर्मन पिस्तूल म्हणजे चक्राच्या कळीचें. तोड्याच्या बंदुकीला जळती वात जवळ बाळगावी लागे. ह्या नव्या कळींत किल्लीनें ताणलेली कमान सुटली कीं एक दांतेरी पोलादी चाक गरकन फिरे, त्यावर दाबून धरलेल्या खनिजाच्या खड्यांतून ठिणग्या पडत आणि रंजक पेट घेई. घोड्यावर बसून एका हातानें उडवितां येईल, किंवा झग्याखालीं लपवितां येईल, असें तयार शस्त्र ह्यामुळें प्रथमच शक्य झालें. ह्या दुसऱ्या सोयीची धास्ती राज्यकर्त्यांना लागलीच वाटली. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन ह्यानें १५१७-१८ मध्येंच अशा आपोआप पेटणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली. पुढील शंभर वर्षें चक्राचीं पिस्तुलें सर्व युरोपभर खपलीं, ह्यावरून ती बंदी कितपत मानली गेली तें दिसतेंच.

अशी कळ करणें हें लोहारापेक्षां घड्याळजीचें काम होतें. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्यें सम्राट पांचवा चार्ल्स ह्याच्याकरितां केलेलें एक दुनळी पिस्तूल आहे. तें १५४० ते १५४५ च्या दरम्यानचें मानतात. त्याचा कर्ता म्युनिकचा पीटर पेख. हा बंदुका करी आणि घड्याळेंही करी. दोन नळ्यांच्या दोन कळा एकाच यंत्रांत बसविण्याची त्याची करामत पाहिली, म्हणजे हा हात घड्याळजीचा आहे हें सांगावें लागत नाहीं. परंतु पाहणाराची नजर ज्यावर खिळते तें दुमुखी गरुडाचें आणि हर्क्युलिसच्या खांबांचें नक्षीकाम पेखचें नव्हे. तें आम्ब्रोसिउस गेम्लिख ह्या दुसऱ्याच कलावंताचें समजलें जातें. संग्रहालयानें दोन्ही नांवें दिलीं आहेत, आणि तेंच योग्य आहे. ज्या पिस्तुलाचा धनी सम्राट होता त्याचे कर्ते आपणांस ठाऊक असावेत ह्यांत नवल नाहीं. अडचण येते ती एखाद्या सामान्य स्वाराच्या पिस्तुलाची.

म्हणून जाणता संशोधक नळी, कळ आणि दस्ता हे तीन साक्षीदार निरनिराळे तपासतो. नळीवरची निशाणी मागच्या टोकाशीं वरच्या अंगाला असते, किंवा दस्त्यांत दडलेल्या खालच्या अंगाला. त्यामुळें नळी बाहेर काढल्यावांचून दिलेला अभिप्राय अर्धवटच समजावा. कळीची निशाणी तिच्या पट्टीवर, कधीं आंतल्या बाजूसही असते. दस्ता करणारा आपलीं आद्याक्षरें लांकडावर नाहींतर शिंगाच्या जडावांत कोठेंतरी कोरून ठेवतो. तिन्ही ठिकाणीं एकच खूण आली तर उत्तमच. तीन निरनिराळ्या आल्या तरी बिचकण्याचें कारण नाहीं, त्या काळीं तेंच स्वाभाविक होतें. नळीवर झूलची कोंबडी आणि कळीवर दुसऱ्याच शहराची खूण निघाली, एवढ्यानें पिस्तूल बनावट ठरत नाहीं. झूलच्या नळ्या दूरदूर विकल्या जात, आणि एखाद्या राजधानींतला कारागीर त्या विकत घेऊन आपल्या दस्त्यांत बसवी. अशा वेळीं नळीच्या ठशावरून सबंध पिस्तूल झूलचें ठरविणें, म्हणजे चाकाच्या धांवेवरून गाडीचा मालक ठरविण्यासारखें आहे.

कारागिराची निशाणी बहुधा लहानशा ढालीच्या आकारांत असते: दोन अक्षरें आणि त्यांच्या सोबतीला एखादें चित्र, पक्षी, फूल, तारा किंवा हत्यार. नुसतीं अक्षरें फसवितात. हान्स आणि गेऑर्ग हीं नांवें त्या देशांत घराआड एक. तेव्हां एकाच जोडीच्या आद्याक्षरांचे धनी डझनावारी निघावेत ह्यांत आश्चर्य कसलें? अक्षरें आणि चित्र मिळून माणूस ठरतो. तेथेंही घोटाळे आहेत. बापाचा ठसा मुलगा पुढें चालवी. उस्ताद वारल्यावर त्याची विधवा दुकान सांभाळी आणि कामगार जुनाच ठसा वापरीत. त्यामुळें एखादा कारागीर कागदोपत्रीं मेल्यावरही वीस वर्षें पिस्तुलें करीत असल्याचें दिसतें.

सॅक्सनीचा इलेक्टर पहिला ख्रिस्तियान ह्यानें आपल्या शरीररक्षकांसाठीं करवून घेतलेलीं पिस्तुलें ह्या दृष्टीनें फार बोधक आहेत. ख्रिस्तियानचें राज्य १५८६ ते १५९१ एवढेंच टिकलें, पण त्याचीं पिस्तुलें आज जगांतील अनेक संग्रहांत दिसतात. काळा रंग दिलेला दस्ता, त्यांत पांढऱ्या शिंगाचा जडाव आणि मुठीच्या शेवटीं चेंडूसारखा भला मोठा गोळा, असें त्यांचें रूप. दहा हातांवरूनही हें पिस्तूल कोणत्या दरबारचें तें सांगतां येतें. नळीवर सालही असतें. परंतु कारागीर कोणता? रूप सर्वांचें एकच, कारण नमुना एक आणि धनी एक. काम मात्र अनेक उस्तादांत वांटलेलें. येथें त्या दोन बारीक अक्षरांवांचून गति नाहीं. 'ए' आणि 'डी' हीं अक्षरें अब्राहम ड्रेस्लर ह्याचीं, 'झेड्' आणि 'एच्' हीं झखारियास हेरोल्ड ह्याचीं समजतात. रूपावरून दरबार, सालावरून काळ, निशाणीवरून माणूस, अशी ही वांटणी आहे. एकाचें काम दुसऱ्याकडून करून घेतां येत नाहीं.

ह्या निशाण्यांची मोजदाद करण्याचें किचकट काम योहान श्ट्योकेल ह्या डॅनिश संशोधकानें हातीं घेतलें. त्याचा ग्रंथ कोपनहेगन येथें दोन भागांत निघाला, पहिला १९३८ मध्यें व दुसरा १९४३ मध्यें. दुसरा भाग निघाला तेव्हां डेन्मार्क जर्मन सैन्यानें व्यापलेलें होतें. अशा दिवसांत जुन्या कारागिरांच्या ठशांचीं चित्रें छापीत बसणारा माणूस काय धीराचा असेल! पुढें ऑयगेन हेअर ह्यानें त्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ति १९७८ ते १९८२ ह्या काळांत तीन खंडांत काढली, आणि शस्त्रांचे अभ्यासक आजही प्रथम तिच्याकडेच धांव घेतात. मात्र ग्रंथ उघडून सारखें दिसणारें चित्र शोधणें आणि नांव उतरवून घेणें, एवढ्यानें काम भागत नाहीं. झिजलेला गरुड आणि झिजलेली कोंबडी ह्यांत तीनशें वर्षांच्या गंजानंतर फारसें अंतर राहत नाहीं. निशाणीचा काळ, नळीची घडण आणि कळीचा प्रकार हीं तिन्ही एकमेकांशीं जुळलीं, तरच नांव उच्चारावें.

झूलच्या बाबतींत ह्या लोखंडी लेखांना विशेषच महत्त्व आहे. तीस वर्षांच्या युद्धांत, म्हणजे १६१८ पासून १६४८ पर्यंत, शस्त्रांना अपार मागणी होती. ज्या गांवानें इतरांना शस्त्रें पुरविलीं त्याला स्वतःचें रक्षण करितां आलें नाहीं. १६३४ च्या ऑक्टोबरांत बादशाही पक्षाचा सेनापति इझोलानी ह्याच्या क्रोएट स्वारांनीं झूल लुटून जाळलें. १७५३ मध्यें तें पुन्हां एकदां आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. घरें गेलीं, भट्ट्या गेल्या. जें लोखंडावर उमटून गांवाबाहेर विकलें गेलें होतें तें ह्या आगींतून सुटलें.

अठराव्या शतकांत गारगोटीच्या कळीचा प्रसार झाल्यावर काम वरवर सोपें होतें. कारागीर आतां कळीच्या पट्टीवर किंवा नळीच्या पाठीवर आपलें पुरें नांव आणि गांव खोदूं लागला. पण खोदलेलें नांव घडविणाराचें कीं विकणाराचें, हा प्रश्न राहतोच. एकोणिसाव्या शतकांत तर जर्मन दुकानदाराचें नांव सोन्याच्या अक्षरांत झळकत असावें आणि नळी उलटून पाहिली तर लांबट वर्तुळांत ई, एल्, जी हीं अक्षरें निघावीं, असे प्रकार पुष्कळ झाले. हा ठसा बेल्जममधील लीएज शहराच्या परीक्षागृहाचा; नेपोलियनच्या अंमलांत १८१० मध्यें तो सुरू झाला, आणि १८९३ पासून त्याच्या डोक्यावर मुकुट आला. म्हणजे मुकुट नसलेला ठसा १८९३ च्या पूर्वींचा. येथें परीक्षेच्या ठशानें कारागीर दाखविला नाहीं, पण पाटीवरचें जर्मन नांव नळीपुरतें खोटें ठरविलें, आणि काळाचीही मर्यादा घालून दिली. ठशाचा खरा उपयोग बहुतेक वेळां असा नकाराचाच असतो. इंग्लंडमध्यें १९२५ च्या नियमांनंतर परदेशी शस्त्रांवर 'इंग्लिश बनावटीचें नव्हे' अशा अर्थाचीं अक्षरें परीक्षागृहांत मारूं लागले. कित्येक जर्मन पिस्तुलांवर तीं आढळतात. कर्ता कोण तें माहीत नाहीं, कोण नव्हे तें पक्कें ठाऊक आहे!

सगळ्या जर्मनीला लागू पडणारा परीक्षेचा कायदा १८९१ च्या मे महिन्यांत झाला आणि १ एप्रिल १८९३ पासून अमलांत आला. तेव्हांपासून ठशांचें रूप एकदम बदललें. मुकुटाखालीं 'बी' म्हणजे बार उडवून परीक्षा झाली; मुकुटाखालीं 'यू' म्हणजे परीक्षेनंतर पुन्हां तपासणी झाली; मुकुटाखालीं 'जी' म्हणजे नळीला आंतून पीळ पाडलेला आहे. १९११ नंतर ह्यांत 'एन्' ची भर पडली. त्याचा अर्थ नव्या बिनधुराच्या नायट्रो दारूनें परीक्षा. जुन्या काळीं 'एन्' म्हणजे न्युरेंबर्ग होतें हें येथें विसरावें लागतें, आणि पुष्कळजण नेमके तें विसरत नाहींत. हा मुकुट कोणा शहराचा नव्हता, साम्राज्याचा होता. ह्यामुळें झूलच्या कोंबडीनें किंवा आउग्सबर्गच्या फळानें निदान गांव तरी सांगितलें असतें, तेंही आतां नुसत्या मुकुटावरून कळेनासें झालें. कायदा जसजसा नेटका होत गेला तसतसा ठसा अधिक मुका होत गेला.

ह्या कायद्यांतील एक लहानशी तरतूद मात्र मोठी उपयोगाची आहे. कायदा सुरू झाला त्या दिवशीं दुकानांत आधींच पडून असलेल्या शस्त्रांवर मुकुटाखालीं 'व्ही' हें अक्षर मारावयाचें ठरलें होतें. साठ्यांतला माल असा त्याचा अर्थ. तेव्हां मुकुटाचे ठसे दिसले कीं पिस्तूल १८९३ नंतरचें, असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. त्या ठशांत 'व्ही' असेल तर पिस्तूल आधींचें आणि ठसाच मागाहूनचा.

लष्करी शस्त्रांवर आणखी एक सांपळा असतो. त्यांवरही मुकुट असतो आणि मुकुटाखालीं अक्षर असतें. पण तें जुन्या जर्मन वळणाचें, फ्राक्टुर लिपींतलें असतें. तीं अक्षरें परीक्षेचीं नव्हत. माल स्वीकारणाऱ्या लष्करी तपासनिसांच्या नांवांचीं आद्याक्षरें होत. अक्षराच्या वळणाकडे लक्ष न दिल्यामुळें सरकारी कारकुनाला कारागीर समजण्याची चूक वारंवार होते. १८७९ व १८८३ ह्या सालांच्या नमुन्यांचे जर्मन लष्करी रिव्हॉल्वर पाहावेत. त्यांतील कित्येकांच्या डाव्या बाजूस एक लांबट वर्तुळ असून त्यांत तीन निरनिराळ्या मंडळींचीं आद्याक्षरें आणि खालीं झूलचें नांव असतें: झाउअर आणि पुत्र, शिलिंग, आणि हेनेल. मोठें सरकारी काम एकट्याला पेलण्यासारखें नव्हतें, म्हणून तिघांनीं मिळून तें घेतलें. तेथें एकच कर्ता शोधणें व्यर्थ आहे. आणि ज्यांवर डी, आर्, जी, एम् अशीं चार अक्षरें असतात, त्यांवरून तर कितीतरी जणांनीं एका काल्पनिक कारखान्याची स्थापना केली आहे! तीं अक्षरें नमुन्याच्या सरकारी नोंदणीचीं आहेत, आणि तीं खेळण्यांवर व कात्र्यांवरही असतात.

मूळ जुनें आणि नवें केलेलें जुनें, ह्यांतला भेद ठशावरून ठरवूं पाहणारानें विशेष सावध राहावें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जुनीं शस्त्रें टांगण्याची हौस वाढली, आणि म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिटसारख्या कारखानदारांनीं जुन्या धाटणीचीं शस्त्रें व चिलखतें उघडपणें नवीं करून विकलीं. विकणाराच्या मनांत कपट नसलें तरी दोन पिढ्यांनंतर पावती हरवते आणि शस्त्र तेवढें उरतें. शहराची मुद्रा नक्कल करण्यास सर्वांत सोपी, कारण ती सर्वांच्या ओळखीची. ठसा जितका ठळक आणि ताजा, तितका संशय अधिक घ्यावा. खऱ्या ठशाच्या कडा नळीबरोबरच झिजलेल्या असतात.

ठशानें जें सांगितलें नाहीं तें एका साध्या अनुक्रमांकानें सांगितल्याचें उदाहरण हिंदुस्थानांतच घडलें. २६ ऑगस्ट १९१४ रोजीं कलकत्त्यांत रोडा कंपनीच्या मालांतून पन्नास माउझर पिस्तुलें आणि शेचाळीस हजार काडतुसें क्रांतिकारकांनीं पळविलीं. कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र ह्यानें जकातखान्यांतून २०२ पेट्या सोडविल्या. वखारींत पोंचल्या १९२. हीं पिस्तुलें जर्मनीच्या ओबर्नडॉर्फ गांवच्या माउझर कारखान्यांत झालेलीं. ज्या लांकडी पेटीसारख्या म्यानांत तीं ठेवीत तें मुठीला जोडलें कीं पिस्तुलाची बंदूक होई. परीक्षेचे ठसे सर्वांवर सारखे, त्यांचा पोलिसांना कांहीं उपयोग नव्हता. परंतु प्रत्येकावर कारखान्याचा क्रमांक होता, आणि त्या क्रमांकांची नोंद कंपनीच्या दप्तरांत होती. त्यामुळें बंगालच्या कोणत्याही कोपऱ्यांत एखादें पिस्तूल हातीं लागलें कीं तें त्या पन्नासांपैकीं आहे कीं नाहीं हें कळे. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालाप्रमाणें त्यांपैकीं चव्वेचाळीस पिस्तुलें निरनिराळ्या नऊ गटांना वांटलीं गेलीं आणि पुढें चौपन्न प्रसंगांत तीं वापरलीं गेलीं. क्रमांक नसता तर हा हिशेब मांडतांच आला नसता.

न्युरेंबर्गच्या नगरसभेला कारागिराची निशाणी हवी होती ती माल वाईट निघाला तर जाब कोणाला विचारावा हें कळण्यासाठीं. १९३४ नंतर जर्मन सरकारला नेमकें उलट हवें झालें. व्हर्सायच्या तहाविरुद्ध चाललेली शस्त्रवाढ लपविण्याकरितां लष्करी पिस्तुलांवरून कारखान्यांचीं नांवें पुसलीं गेलीं आणि त्यांच्या जागीं संकेत आले. माउझरचें पिस्तूल 'एस्' व ४२ ह्या आंकड्यानें ओळखावयाचें, पुढें 'बी-वाय्-एफ्' ह्या अक्षरांनीं. वाल्टरचें 'ए-सी' ह्या अक्षरांनीं. युद्ध संपल्यावर संकेतांच्या याद्या उजेडांत आल्या, म्हणून आज हीं पिस्तुलें ओळखणें सोपें झालें आहे. चारशें वर्षांपूर्वींच्या कारागिरांची अशी यादी कोणीं लिहून ठेवली नाहीं.

त्याच काळांत झूलमधील एक नांव दुसऱ्या रीतीनें पुसलें गेलें. सिमसन हें तेथील एक ज्यू घराणें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याचा कारखाना होता, आणि पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याला लुगर जातीचीं पिस्तुलें पुरविण्याचा अधिकार ह्या एकाच कारखान्याला होता. १९३५ मध्यें नाझी प्रांताधिपति फ्रिट्झ झाउकेल ह्याच्या पुढाकारानें हा कारखाना मोबदला न देतां घराण्याकडून हिरावून घेण्यांत आला. पुढच्या वर्षीं घराण्याची मंडळी देशाबाहेर पडली. भट्ट्या त्याच राहिल्या, कामगार बहुतेक तेच राहिले, गांवचें परीक्षागृह तेंच राहिलें. मुकुटाखालचा 'एन्' १९४० च्या एप्रिलपर्यंत होता तसाच उमटत होता. त्यानंतर मुकुट जाऊन गरुड आला. ठशांवरून ह्या लुटीचा कांहींच मागमूस लागत नाहीं. त्या आधींच्या लुगर पिस्तुलांवर वरच्या सांध्याच्या पोलादावर 'सिमसन आणि कंपनी, झूल' अशीं अक्षरें आहेत. १९३६ नंतर नाझी अमलांत त्या कारखान्यांतून निघालेल्या शस्त्रांवर तीं नाहींत.